निकालानंतरचे पंधरा दिवस आणि परतीची वाट

बारावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो. फुलंब्रीत आपल्या वस्तीत त्या दिवशी सकाळपासूनच कुणाच्या जिवात जीव नसतो. एक वाजला की पोरे मोबाईल घेऊन नेट मिळेल त्या कोपऱ्यात धावतात. अर्ध्या तासात एखाद्या घरातून पेढ्यांचा पुडा बाहेर येतो. चार घरे सोडून एखादे दार मात्र भर दुपारी आतून लोटलेले दिसते.

पेढ्यांच्या घरी सगळे जातात. लोटलेल्या दाराशी पाय अडखळतात. काय बोलावे तेच सुचत नाही. मग कुणी म्हणते, "जाऊ द्या, राहू द्या एकटे त्याला." नेमके तिथेच आपले चुकते.

या पानावर आम्ही आजवर ताप, रक्तदाब, साखर, बाळंतपण यांविषयी लिहीत आलो. या वेळी त्या लोटलेल्या दाराविषयी लिहीत आहोत. अपयशाचा मार आधी मनावर बसतो आणि मग झोप, भूक, पोट, डोके असा सगळ्या अंगात पसरतो. निकाल बारावीचाच असेल असे नाही. पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला मुलगा, नीटला दुसऱ्यांदा बसूनही जागा न मिळालेली मुलगी, कर्ज काढून टाकलेले दुकान बंद पडलेला बाप, या सगळ्यांचे शरीर तेच सांगत असते.

मार लागला की अंगात काय होते

मोठा धक्का बसला की शरीर संकटाच्या तयारीला लागते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला जाग येते. जेवण जात नाही, किंवा दिवसभर नुसते खात राहावेसे वाटते. डोके जड होते, चिडचिड होते. कुणी विचारले तर रडू येते, नाही विचारले तर राग येतो.

पहिले आठ-पंधरा दिवस असे होणे हा आजार नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. हात भाजल्यावर फोड यावा तसेच ते आहे. फोडाला फोडू नये, तसे या दिवसांत माणसाला टोचू नये. "शेजारच्याचा पोरगा बघ" हे वाक्य या पंधरा दिवसांत घरात उच्चारू नका. "पुढे काय करणार?" हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी तर मुळीच नको.

या दिवसांत घराने चार साध्या गोष्टी सांभाळाव्यात. जेवणाच्या वेळेला त्याला ताटावर बोलवावे, दोन घास का होईना, सगळ्यांबरोबर खायला लावावे. रात्री मोबाईल उशाशी नसावा, कारण मित्रांच्या पेढ्यांचे फोटो बघत पहाट होते. सकाळी उन्हात अर्धा तास चालायला न्यावे, शेतात काम असेल तर सोबत न्यावे. आणि दिवसातून एकदा तरी घरातल्या कुणीतरी त्याच्याजवळ नुसते बसावे. उपदेश नको. तो बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर आपणही गप्प राहावे.

दारू आणि गुटखा या दिवसांत चोरपावलांनी शिरतात. "टेन्शन आहे, एक घोट घे" म्हणणारा मित्र तेव्हाच भेटतो. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते अशाच दिवसांसाठी आहे.

बाबासाहेबांची सहा वर्षे

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या पोरांना पाठ असते. त्या पदव्यांच्या मध्ये जे घडले ते मात्र आपण फारसे सांगत नाही. खचलेल्या मुलाला त्याचाच जास्त उपयोग आहे.

बाबासाहेब १९१६ साली लंडनला पोचले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाला गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला सगळ्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना बाहेर काढले. परतीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे सगळे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

मुंबईला आल्यावर त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना, तोही बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे पगार सुरू झाला.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट पाहू. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी एक काम केले होते. चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. हातात पैसा नव्हता, जहाज कधी मिळेल ते माहीत नव्हते. तरी परतीचे दार त्यांनी उघडे ठेवले आणि त्या दाराला तारीख घातली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षे.

मग ते त्या तारखेच्या मागे लागले. पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत, मुदत संपायला वर्षभर असताना, ते पुन्हा लंडनला निघाले. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितला. ब्रिटिशांच्या धोरणावरची टीका त्यांना फार कडक वाटली होती. तोवर पैसे संपत आले होते. १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंधाची मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि तो परत पाठवला. त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली.

म्हणजे १९१७ ते १९२३ अशी सहा वर्षे. या काळात अभ्यास सुटला, पुस्तके बुडाली, राहत्या जागेतून हाकलले गेले, व्यवसाय बसला आणि प्रबंध परत आला. यांतला एकेक मार माणसाला घरी बसवायला पुरेसा होता. बाबासाहेब उभे राहिले ते हिमतीवर, यात शंका नाही. पण त्या हिमतीला चार टेकू होते. काय राहिले आहे ते त्यांना नेमके ठाऊक होते, त्याची मुदत ठरलेली होती, पैशाची तजवीज त्यांनी केली आणि माणसांची मदत घ्यायला लाजले नाहीत. कर्ज मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हे आपल्या पोरांना सांगायला हवे. "स्वतःच्या जिवावर कर" असे म्हणून आपण त्यांना एकटे पाडतो.

वहीचे एक पान

पंधरा दिवस गेले, झोप जाग्यावर आली, की एक वही घ्या. घरातल्या दोघांनी मुलासोबत बसा आणि एका पानावर हीच चार नावे लिहा : राहिले काय, मुदत किती, पैसा कुठून, माणसे कोण.

राहिले काय? "मी नापास झालो" असे लिहू नये. "गणित आणि इंग्रजी राहिले" असे लिहावे. पहिल्या वाक्यात सगळा माणूस बुडतो, दुसऱ्यात दोन विषय.

मुदत किती? दहावी-बारावीच्या निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. तिचा फॉर्म भरायची तारीख शाळेत जाऊन त्याच आठवड्यात विचारा, कारण ती फार लवकर निघून जाते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्या मुलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसता येते. लग्न होऊन कामाला लागलेल्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

पैसा कुठून? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवणखाण आणि राहण्याचे पैसे त्यातून मिळतात. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याची बार्टी आहे. परदेशी शिकायची जिद्द असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ते फक्त मोठ्या शहरातल्या पोरांचे काम आहे असे समजू नका. या सगळ्यांना कागद लागतात : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र. कागद वेळेत न झाल्याने वर्ष गेलेली मुले आम्ही वस्तीत पाहिली आहेत. निकालाची वाट न पाहता कागद आधी करून ठेवा.

माणसे कोण? किमान तीन नावे लिहा. एक शिकवणारा, एक फॉर्म भरून देणारा, आणि एक असा की ज्याच्याजवळ रडता येईल.

हे पान भिंतीला चिकटवू नका, येणाराजाणारा वाचत बसतो. पण महिन्यातून एकदा उघडा आणि काय पुढे सरकले ते लिहा.

पळणाऱ्या पोरापोरींसाठी

जळगाव रस्त्याच्या कडेने पहाटे अंधारात पळणारी पोरे आपण रोज पाहतो. पोलीस भरतीला मैदानी चाचणीचे ५० आणि लेखी परीक्षेचे १०० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावे लागते. एकदा भरती हुकली की पुढची कधी निघेल याचा नेम नसतो. मग पोरे रागाने दुप्पट पळू लागतात आणि नडगी धरून बसतात.

तथागतांच्या काळात सोण नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंत घरातला, मऊ पायांचा. लवकर यश यावे म्हणून तो इतका चालला की तळपायांतून रक्त आले. तरी काही साधेना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली, कारण तो घरी असताना वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. सोणाने प्रयत्न सोडला नाही, त्याची मात्रा बदलली.

पळणाऱ्यांनी हेच करावे. डांबरी रस्त्यापेक्षा मातीच्या मैदानावर पळा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. अंतर एकदम वाढवू नका. नडगी दुखू लागली तर थोडे दिवस पळणे थांबवा, बर्फ लावा. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती मालिशने जात नाही, डॉक्टरांना दाखवा. ताकदीचे म्हणून कुणी इंजेक्शन देत असेल तर दंड पुढे करू नका. अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावून घेण्यानेही दम वाढत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

दम वाढतो तो जेवणाने, झोपेने आणि हळूहळू केलेल्या सरावाने. भाकरी, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, परवडेल तेव्हा अंडी, एवढे पुरते. मुलींनी भरतीच्या आधीच रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही सराव केला तरी धाप लागते, आणि मुलगी समजते की आपल्यातच काही कमी आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नका. ती जेवणानंतर घ्या, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायचा आहे. लंडनमध्ये बाबासाहेब पावाच्या तुकड्यांवर आणि रात्री पापडांवर दिवस काढत, असे चरित्रकार सांगतात. ते ऐकून काही मुले मुद्दाम उपाशी राहून, चार तास झोपून अभ्यास करतात. तो बाबासाहेबांचा नाइलाज होता, सल्ला नव्हता. ज्या समाजाला ते पोटभर अन्नाचा हक्क मिळवून द्यायला निघाले, त्या समाजाच्या मुलांनी भुकेला पराक्रम मानू नये. रात्री सात-आठ तास झोपलेल्या डोक्यातच वाचलेले टिकते.

रमाईंची आठवण ठेवून

बाबासाहेब लंडनमध्ये होते तेव्हा मुंबईत संसार रमाई ओढत होत्या. पाच मुलांपैकी चार त्यांना लहानपणीच गमवावी लागली. त्यांची स्वतःची तब्येत ढासळत गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागाची गाणी गातो. गाताना हेही मनात धरावे की एका माणसाच्या मोठ्या ध्येयाचे ओझे घरात कुणाच्या पाठीवर पडते.

आपल्या घरात आजही तेच चालते. मुलाच्या क्लासची फी भरायची म्हणून आई कापूस वेचायला, आले काढायला एक दिवस जास्त जाते, आणि स्वतःच्या पाठदुखीची गोळी आणत नाही. भावाच्या अभ्यासाला शांतता हवी म्हणून बहिणीची शाळा मागे पडते. मग मुलगा हुकला की सगळे घर एकदम कोसळते, कारण सगळ्यांनी सगळे एकाच ताटात वाढलेले असते. वहीच्या त्या पानावर पाचवी ओळ लिहा : आईची तपासणी. रक्त, रक्तदाब, साखर, वर्षातून एकदा तरी. आणि बहिणीसाठी तिचे वेगळे पान करा.

कधी थांबायचे नाही

पंधरा दिवस उलटूनही झोप-भूक जाग्यावर येत नसेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, माणूस अंघोळ-कपडे सोडून देत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि "माझा काही उपयोग नाही", "मी नसतो तर बरे" असे बोलणे ऐकू आले, किंवा कुणी अचानक आपल्या वस्तू वाटू लागले, तर पंधरा दिवसांची वाट पाहू नका, त्याच दिवशी हालचाल करा.

त्याला सरळ विचारा, "जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून छातीवरचा दगड हलतो. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरात असतील तर कुलपात ठेवा, शक्यतो दुसऱ्याच्या घरी हलवा.

१४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष दाखवायचे तर फुलंब्रीहून तीसेक किलोमीटरवर घाटीत मानसोपचार विभाग आहे. बसने किंवा काळ्या-पिवळीने सकाळी लवकर निघा आणि केसपेपर काढा. तातडी असेल तर १०८ लावा. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. साखरेची गोळी घेणाऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. अंगात आले, बाहेरची बाधा झाली असे म्हणत दोऱ्या-गंड्यात दिवस घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे वेगळे सांगायला नको.

वस्तीने काय करावे

आपला मराठवाडा लांबची वाट चालायला शिकलेला आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, संसार उघड्यावर आले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे आपल्या आई-बापांनी घरे पुन्हा उभारली, पोरे पुन्हा शाळेत घातली आणि मोर्चेही काढले. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर आपण जातो. तिथे कमानीसमोर लेकरांना उभे करून ही तारीख सांगाच, आणि ती यायला किती वर्षे लागली तेही सांगा. त्या वर्षांत कुणी एकटे नव्हते, म्हणून ती निभली.

तीच रीत निकालाच्या दिवशी पाळता येईल. विहारातल्या पाच-सात जणांनी आधीच ठरवावे : पेढ्यांच्या घरी उद्या जाऊ, आज लोटलेल्या दाराशी जाऊ. जाताना काही भाषण नको. "चहा टाका" म्हणून बसावे. मुलगा बाहेर आला तर त्याला वेंधळ्यासारखे सांत्वन करू नये, "उद्या सकाळी चालायला येतोस का?" एवढेच विचारावे. आणि पंधरा दिवसांनी वही घेऊन पुन्हा जावे. विहाराला जोडून अभ्यासिका असेल तर नापास झालेल्या मुलाची जागा तिथे आधी राखून ठेवावी, कारण तो लाजेने स्वतःहून येणार नाही.

बडोद्याच्या बागेत हाकललेला माणूस म्हणून बसलेल्या बाबासाहेबांनी दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या बागेत बसलेल्या माणसाकडे पाहून हे कुणाला सांगता आले असते? आपल्या वस्तीतल्या त्या लोटलेल्या दाराआड कोण बसले आहे, हे आपल्यालाही आज सांगता येणार नाही. म्हणून आधी त्याला जेवायला बोलवा.

नमो बुद्धाय. जय भीम.